‘तुम्ही त्याला जरा समजावून सांगा’

रात्री साडेनऊच्या सुमारास फोन येतो. जेवणं उरकलेली असतात, मागे टीव्ही चालू असतो आणि बोलणारा माणूस बहुधा गॅलरीत येऊन हळू आवाजात बोलत असतो. “मॅडम, शनिवारी मुलाला घेऊन येतो. तुम्ही त्याला जरा समजावून सांगा.” मुलगा केवढा, असं विचारलं की उत्तर येतं, “सव्वीस.” त्याची यायची तयारी आहे का, असं विचारलं की काही क्षण नुसता टीव्हीच ऐकू येतो.

समुपदेशनाच्या कामात मला बारा-तेरा वर्षं झाली आणि हा फोन अजून थांबलेला नाही. कधी मुलाच्या जागी सून असते, कधी नवरा, कधी दहावीतली मुलगी. स्वतःसाठी फोन करणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. किती सेशन लागतील? गोळ्या द्याल का? ऑफिसात कळणार नाही ना? आणि शेवटी, “तुम्ही सांगाल ते सगळं ऐकेन, पण बरं वाटेल ना?”

घोळ आहे तो या शेवटच्या वाक्यात. थोडा दोष शब्दाचाही म्हणायचा. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि उपदेश तर आपल्याकडे घरोघरी फुकट मिळतो. आत्या देते, शेजारचे काका देतात, रिक्षावालासुद्धा देतो. त्यासाठी तासाला हजार रुपये मोजायची काही गरज नाही. समुपदेशकाकडे तुम्ही जाता ते त्याच्या सोबतीनं काम करायला. काय सुधारायचं, कशापासून सुरुवात करायची, काय जमतंय आणि काय जमत नाही, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. हे आधी माहीत असेल तर निम्मा धसका जातो आणि चुकीच्या माणसाकडे पैसे घालवण्याची वेळही सहसा येत नाही.

आधी दार कोणतं ते ठरवा

बाहेर पाटी लावलेली माणसं तीन प्रकारची असतात आणि आपण तिघांनाही ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणून मोकळे होतो.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषधं तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या, निदान आणि सायकोथेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. तिसरे आम्ही, समुपदेशक. नात्यातले ताण, परीक्षेची धास्ती, दुःख, निर्णयाची घालमेल, राग, कामावरची घुसमट असं बरंच काही आमच्याकडे येतं.

आता आमच्याबद्दलच एक गोष्ट सांगते, जी पाटीवर लिहिलेली नसते. डॉक्टरांना वैद्यकीय परिषद आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआय आहे. समुपदेशकांसाठी मात्र वर्षानुवर्षं अशी एक सक्तीची नोंदवही नव्हती. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि समुपदेशक त्याच्या कक्षेत आले, पण त्याआधीच्या काळात मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे वर्षभर देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेली व्यक्ती, दोघांच्याही दारावर एकच शब्द लागत आला. म्हणून शिक्षण विचारायचं. विचारताना संकोच वाटू देऊ नका. ज्याला राग येईल त्याच्याकडे जाऊ नका.

पुढच्या गोष्टींपैकी काही असेल तर पहिलं दार मनोविकारतज्ज्ञाचं:

- आपलं आयुष्य संपवावं असे विचार येत असतील, किंवा त्याची तयारी मनात चालू असेल
- बरेच दिवस झोप जवळजवळ नाही, किंवा झोपेची गरजच उरली नाही असं वाटतंय
- इतरांना न ऐकू येणारे आवाज येतात, सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं ठाम वाटतं
- दारू सुटत नाही, आणि बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो
- बाळंतपणानंतर आई भ्रमिष्टासारखं बोलतेय, किंवा बाळाबद्दल भीतीदायक विचार येताहेत

यातल्या पहिल्या ओळीसाठी अपॉइंटमेंटची वाट पाहत बसू नका. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात जा.

आणि एक साधी गोष्ट. सतत थकवा, उदासी, कशात लक्ष लागत नाही अशी तक्रार असेल तर आधी फॅमिली डॉक्टरांना सांगून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड कमी असल्यामुळे आलेली मरगळ बोलून जात नाही. मी ही गोष्ट पहिल्याच भेटीत विचारते, आणि प्रत्येक समुपदेशकानं विचारायला हवी असं माझं मत आहे.

पहिल्या फोनवर काय विचारायचं

फोन पाच मिनिटांचा असतो. त्यात स्वतःची सगळी कहाणी सांगायची नसते, आणि समोरच्यानंही ती काढून घ्यायची नसते. एवढं विचारलं तरी पुरे:

- तुमचं शिक्षण काय आणि सेशन घेण्याचं प्रशिक्षण कुठे झालं?
- माझ्यासारख्या अडचणींवर तुम्ही काम करता का? (दोन वाक्यांत अडचण सांगा)
- तुमच्या कामावर कुणा ज्येष्ठाची देखरेख असते का? तुम्ही कुणाशी सल्लामसलत करता?
- फी किती, वेळ किती, आणि ऐनवेळी रद्द केलं तर काय?
- गरज पडली तर कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता?

तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यांत मोलाचा आहे. नाव न सांगता, आपली अडलेली केस दुसऱ्या अनुभवी माणसासमोर ठेवणारा समुपदेशक स्वतःच्या चुका वेळेवर पकडतो. ‘मला त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर शोधा.

पहिल्या तासात नेमकं काय होतं

सेशन साधारण पन्नास मिनिटं ते तासाभराचं असतं. सुरुवातीला कागद येतो, संमतिपत्र. बँकेचा फॉर्म भरताना करतो तशी आपण त्यावर डोळे झाकून सही करतो. तसं करू नका. तुम्ही काय बोललात ते कुणाला कळेल, नोंदी कुठे राहतील, कोणत्या परिस्थितीत गुप्तता मोडली जाईल, फी आणि रद्द करण्याचे नियम, हे सगळं त्यात असायला हवं. कागद नसेल तर निदान तोंडी तरी हे सगळं स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

मग प्रश्न येतात. घरी कोण कोण, काम काय, झोप, भूक, आजारपणं, चालू औषधं, आधी कुठे मदत घेतली होती का. हे थोडं चौकशीसारखं वाटतं, इलाज नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आज द्यायचं नसेल तर “हे नंतर बोलू या का?” एवढंच म्हणा. पहिल्याच दिवशी लहानपणापासूनचं सगळं ओकून टाकायची सक्ती नाही. उलट, पहिल्या तासात सगळं बोलून गेलेली माणसं पुढच्या वेळी फिरकत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलं आहे. इतकं उघडं पडल्याची लाज वाटते त्यांना.

रडू आलं तर येऊ द्या. टिश्यूचा खोका शोभेला ठेवलेला नसतो.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. “तुम्हाला काय व्हायला हवंय?” हा प्रश्न येतो आणि बहुतेक जण दोन शब्दांत उत्तर देतात: “मनःशांती हवी.” तिथे थांबलेला समुपदेशक आळशी समजावा. मनःशांतीकडे जायचं तर तिचा पत्ता लागतो.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. सहकारी बँकेत काम करणाऱ्या एक बाई आल्या. “मला राग कमी करायचाय.” राग कधी येतो, असं विचारत गेले. ऑफिसात नाही, बसमध्ये नाही. संध्याकाळी सात ते नऊ. पुढे पाहिलं तर तो रोज नव्हता, सोमवार ते शुक्रवार होता. मुलाचा अभ्यास, सासऱ्यांचं जेवण आणि नवऱ्याचं ‘आज भाजी काय?’ हे तिन्ही त्या दोन तासांत एकत्र यायचं. आम्ही कागदावर लिहिलं ते असं: ‘महिनाभरात आठवड्यातल्या किमान तीन संध्याकाळी मुलावर हात उगारला जाणार नाही, आणि सासऱ्यांचं जेवण कोण वाढणार यावर नवऱ्याशी एकदा न भांडता बोलणं होईल.’ ‘राग कमी करणे’ या शब्दांत त्यांना स्वतःचा दोष दिसत होता. कागदावरच्या वाक्यात घरातलं कामाचं वाटप दिसलं. हे वाक्य मी त्यांना दिलं नाही. ‘हात उगारला जाणार नाही’ हे शब्द त्यांचे आहेत आणि ते लिहिताना त्या पाच मिनिटं गप्प होत्या.

सहकार्यानं चालणारं समुपदेशन म्हणतात ते हेच. समुपदेशकाला माणसांच्या मनाबद्दल सर्वसाधारण ज्ञान असतं, तुमच्या आयुष्याची माहिती फक्त तुम्हाला असते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकातच मदतीला येणाऱ्याला ‘पेशंट’ म्हणणं सोडलं आणि ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला, त्यामागेही हाच विचार होता. एवढा इतिहास पुरे.

तुम्ही ‘नाही’ म्हणालात तरच ते चालतं

इथे माझी एक चूक सांगायला हवी. कामाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका तरुणाला मी रोज रात्री मनातले विचार वहीत लिहायला सांगितलं. तो “हो मॅडम” म्हणाला. पुढच्या आठवड्यात वही रिकामी. मी पुन्हा समजावलं, तो पुन्हा “हो” म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात तो आलाच नाही. पुढे सहा महिन्यांनी भेटला तेव्हा कळलं, दोन खोल्यांत ते सात जण राहत होते आणि धाकटी भावंडं त्याच्या वह्या वाचायची. मी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाला, त्यातून ‘मॅडम’ला, नाही म्हणायची आपल्याला सवयच नसते. तो मान हलवत राहिला आणि मी त्याला सहकार्य समजले.

म्हणून हे लक्षात ठेवा. सेशनमध्ये तुम्हाला पुढच्या गोष्टी म्हणता येतात आणि म्हणायलाच हव्यात:

- “हे मला घरी जमणार नाही, कारण…”
- “तुम्ही म्हणताय ते मला पटलं नाही.”
- “आज मला या विषयावर बोलायचं नाही, दुसरंच काही झालंय.”
- “मागच्या वेळी तुम्ही जे बोललात ते मला लागलं.”
- “हे आपण का करतोय?”

शेवटचा प्रश्न तर दर दोन-तीन सेशननी विचारा. समुपदेशकाला त्याचं उत्तर साध्या मराठीत देता आलं पाहिजे. चांगला समुपदेशक तासाच्या शेवटी स्वतःच विचारतो, “आजचं कसं वाटलं? काय उपयोगी पडलं नाही?” त्यावर “छान होतं” म्हणून निघू नका. एक तरी खरी गोष्ट सांगा.

घरचे सोबत आले तर

आपल्याकडे दवाखान्यात एकटं जायची पद्धत नाही. समुपदेशनालाही आई येते, नवरा येतो, कधी मामासुद्धा येतो. यायला हरकत नाही, पण आत कोण बसणार हे तुम्ही ठरवायचं. तुम्ही अठरा पूर्ण असाल तर फी कुणीही भरली तरी ‘काय बोलला?’ हे त्यांना सांगितलं जाणार नाही. सुरुवातीच्या फोनमधल्या वडिलांना मी हेच सांगते. मुलाला स्वतःहून यायचं नसेल तर त्याला उचलून आणण्यापेक्षा तुम्हीच एकदा येऊन बसा. मुलाशी कसं बोलायचं यावरही काम करता येतं. यातले बरेच जण येत नाहीत. जे येतात त्यांच्या घरात काहीतरी हलतं.

मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची संमती लागते. तरीही मुलाचा शब्दन् शब्द पालकांना सांगितला जात नाही. काय सांगायचं आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी तिघांत मिळून ठरवून घ्यावं. एक अपवाद पक्का आहे: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे त्याची खबर देणं बंधनकारक आहे, आणि समुपदेशक त्यातून सुटत नाही.

जोडप्यानं येणार असाल तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या: एकानं एकट्यानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवली जाईल का? यावर प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. ती नंतर कळण्यात धोका आहे. आणि कौटुंबिक न्यायालयातला विवाह समुपदेशक ही वेगळी व्यवस्था आहे. ती १९८४ च्या कायद्यानुसार चालते आणि तिथला रोख समेट होऊ शकतो का हे पाहण्याकडे असतो. तिथला अनुभव मनात धरून इकडे येऊ नका. घरात मारहाण होत असेल तर नवऱ्यासोबत एकत्र बसून सेशन घेणं सुरक्षित नसतं. तुम्ही आधी एकट्या भेटा.

पडद्यावरून बोलायचं असेल तर

कोविडनंतर अर्धं काम मोबाइलवर आलं. फायदा मोठा आहे. गडचिरोलीतल्या शिक्षकाला पुण्यातला माणूस मिळतो. अडचण जागेची. घरात कोपरा नसेल तर पार्किंगमधल्या गाडीत बसा, गच्चीवर जा, शेतातल्या विहिरीपाशी बसा; माझ्याशी लोक यातल्या सगळ्या जागांवरून बोलले आहेत. हेडफोन मात्र हवाच, कारण तुमचं नाही तरी माझं बोलणं बाहेर ऐकू जातं. तुम्ही कुठे बसला आहात आणि फोन तुटला तर कुणाला कळवायचं, हे समुपदेशकाला सांगून ठेवा.

परदेशातून बरेच मराठी लोक भारतातल्या समुपदेशकाला गाठतात, आणि कारण बहुतेकदा भाषेचं असतं. ऑफिसातलं भांडण इंग्रजीत सांगता येतं. पण ‘जीव टांगणीला लागला’, ‘आतल्या आत कुढत राहिले’, ‘धसका घेतला’ यासाठी दुसऱ्या भाषेत चाचपडावं लागतं. दोन गोष्टी तपासा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत, तुम्ही ज्या राज्यात बसून बोलता तिथला परवाना थेरपी देणाऱ्याकडे असावा लागतो. तेव्हा भारतातल्या समुपदेशकाचं बिल तिथल्या विम्यात किंवा न्यायालयात उपयोगी पडेल असं गृहीत धरू नका. आणि तातडीच्या वेळी तो तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. तिथला आपत्कालीन क्रमांक हाताशी ठेवा.

पैशांचं बोलून घ्या

मोठ्या शहरांत एका सेशनची फी साधारण पाचशेपासून तीन हजारांपर्यंत कितीही असू शकते. जास्त फी म्हणजे जास्त कौशल्य असा हिशेब नाही. उत्पन्नाप्रमाणे फी कमी करणारे बरेच जण असतात, पण ते स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. ‘दहा सेशनचं पॅकेज, आज भरलं तर सूट’ असं कुणी म्हणालं तर थांबा. दोन-तीन भेटींआधी किती सेशन लागतील हे कुणालाही खात्रीनं सांगता येत नाही. साधारण सांगायचं तर एखाद्या नेमक्या अडचणीसाठी सहा ते बारा भेटी, सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी. जुनी दुखणी जास्त वेळ घेतात.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. १९९६ पासून चालू असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तिथे तज्ज्ञ आणि समुपदेशन मिळतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही आहेत. ‘येरवड्याला जायचं?’ असं म्हणून लोक दचकतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणूस त्याच दिवशी घरी येतो. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या आयपीएचसारख्या संस्थांत अनेक तज्ज्ञ एकाच छताखाली असतात, त्यामुळे एका दारातून दुसऱ्या दारात जाणं सोपं होतं.

विमा? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही संरक्षण देणं बंधनकारक केलं. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचा खर्च देतात, आणि समुपदेशन भरती न होता चालतं. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचं कलम आहे का ते वाचा. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना काही सेशन मोफत असतात. त्या वेळी एकच प्रश्न विचारा: माझं नाव एचआरला कळतं का?

तुमचे हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं तुमच्या उपयोगाचं एवढं:

- उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क. अपवाद मोजके: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, उपचारांसाठी दुसऱ्या तज्ज्ञाला आवश्यक तेवढी माहिती
- आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क
- आजाराचं स्वरूप आणि सुचवलेले उपचार समजेल अशा भाषेत सांगितले जाण्याचा हक्क
- सेवेत त्रुटी असेल तर आधी त्या संस्थेकडे आणि नंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करण्याचा हक्क

हा कायदा मुख्यतः मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांना सेवा देणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी आहे. स्वतंत्रपणे काम करणारा समुपदेशक त्याच्या व्याख्येत बसेलच असं नाही. वर संमतिपत्रावर एवढा भर दिला तो म्हणूनच. तिथे लिहिलेलं वचन तुमच्या हातात राहतं. डॉक्टरांविरुद्ध राज्य वैद्यकीय परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआयकडे जाता येतं. पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

आणखी एक भीती दर महिन्याला कुणीतरी हळूच बोलून दाखवतं: “मरावंसं वाटतं असं सांगितलं तर पोलिसांत कळवाल का?” नाही. असे विचार येणं हा गुन्हा नाही. प्रयत्न केलेली व्यक्तीसुद्धा तीव्र ताणाखाली होती असंच कायदा धरून चालतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. धोका खरंच जवळ आहे असं वाटलं तर मी घरातल्या एका माणसाला कळवीन, पण कुणाला, ते तुम्हाला विचारूनच शक्यतो ठरेल. हे सगळं मी पहिल्या दिवशी सांगते, म्हणजे नंतर दगा वाटत नाही.

निघून या, असं सांगणाऱ्या खुणा

- ‘पाच सेशनमध्ये गॅरंटी’
- डॉक्टर नसताना औषधाचं नाव सुचवणं, किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगणं
- ‘घटस्फोट घेऊन टाका’ किंवा ‘लग्न करा, सगळं ठीक होईल’ असा थेट निकाल
- पत्रिका, रत्न, किंवा बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणारा अहवाल. शाळांच्या बाहेर हा धंदा जोरात आहे आणि त्याला शास्त्रीय आधार नाही
- सेशनमध्ये स्वतःच्याच संसाराची कहाणी
- बाहेर कॉफीला भेटू, रात्री मेसेज कर, हा स्पर्श उपचाराचाच भाग आहे. इथे विचार करत बसू नका, त्याच क्षणी उठा
- तुमची जात, धर्म, लैंगिकता किंवा अविवाहित असणं हाच आजार समजणं

बदलायचं असेल, थांबायचं असेल

तीन भेटी झाल्या की घरी बसून स्वतःला तीन गोष्टी विचारा. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये मांडलेल्या या तीन कसोट्या मला आजही पुरतात. कुठे जायचंय यावर आमचं एकमत आहे का? त्यासाठी आम्ही जे करतोय ते मला पटतंय का? आणि या माणसापुढे खरं बोलायला मला बरं वाटतं का? पहिल्या दोहोंत अडचण असेल तर बोलून सुटते. तिसऱ्यात असेल तर आधी बोलून पाहा, आणि तरीही नाही जमलं तर माणूस बदला. त्यात कृतघ्नपणा काही नाही. शिंपी बदलतो आपण, आणि तो तर फक्त बाहेरचं माप घेतो.

थांबताना गायब होऊ नका, निदान एक शेवटची भेट घ्या. रागावून सोडत असाल तरीही. त्या भेटीत काय झालं आणि काय राहिलं याची नोंद होते, आणि पुढच्या समुपदेशकाकडे नव्यानं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. सारांशाचा कागद मागा.

पुष्कळ जण नंबर मिळवतात आणि महिनाभर तो मोबाइलमध्ये तसाच पडून राहतो, कारण पहिलं वाक्य काय लिहायचं ते सुचत नाही. तेवढं इथून उतरवून घ्या:

“नमस्कार. माझं वय ३४, नोकरी करते. गेले चार महिने झोप नीट लागत नाही आणि घरी सारखी चिडचिड होते. आधी कुठे मदत घेतलेली नाही, औषधं चालू नाहीत. तुम्ही अशा अडचणींवर काम करता का? फी आणि तुमच्या वेळा कळवाल का? मला संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी जमेल. कृपया फोन करू नका, मेसेजच करा.”